‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ : माटुंग्यातल्या एका मेसेजचं प्रकरण

‘अंकल हार्डली ब्रीदिंग आफ्टर स्टेप्स. नाउ सिटिंग.’

गेल्या पावसाळ्यात दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माटुंग्याच्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीतून हा मेसेज सिंगापूरला गेला. तिथे तेव्हा सहा चाळीस झाले होते. पाठवणारी बाई माझी विद्यार्थिनी, वाचणारी तिच्या रुग्णाची मुलगी. पुढच्या पंचवीस मिनिटांत मुलीने शेजाऱ्यांना फोन केला, शेजाऱ्यांनी १०८ ला केला आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना दवाखाना सोडून निघायला सांगितलं गेलं. स्ट्रेचर घेऊन माणसं तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका खुर्चीत बसून फिल्टर कॉफी पीत होते.

काका बँकेतून आले होते. तीन मजले चढून वर येताना त्यांना धाप लागली. हिने त्यांना बसवलं, पंखा लावला, ऑक्सिमीटर लावला. ९६ दाखवलं. घड्याळ समोर धरून मिनिटाचे श्वास मोजले, ते २६ भरले. मोठ्या माणसाचे बसल्या जागी साधारण १२ ते २० असतात, हे तिला पाठ आहे. दहा मिनिटांनी परत मोजले तर १९. म्हणजे काम तिने चोख केलं होतं. चुकला तो एक शब्द.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर पाठवणाऱ्या ब्युरोतून फोन आला, की इंग्रजी येत नसेल तर मेसेज करत जाऊ नकोस. गुरुवारी ती वर्गाला आली आणि काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘बाई, मी काय चुकीचं लिहिलं ते मला अजून कळलं नाहीये,’ म्हणाली. त्या वाक्यामुळे मी हे प्रकरण लिहून ठेवायला घेतलं. तिची परवानगी आहे, नाव मी लिहीत नाही.

परळला आठवड्यातून दोन संध्याकाळी आमचा वर्ग असतो. घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या चौघी, एक लॅबमध्ये नोंदी करणारी, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी, अशा अकरा जणी येतात. ही एक्केचाळीस वर्षांची, मराठी माध्यमाची, बारावी झालेली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. ही त्याआधीची, म्हणजे इंग्रजी पाचवीपासून आणि तेही फळ्यावरून वहीत उतरवलेलं. पण त्या वहीतलं तिच्या लक्षात पक्कं राहिलं आहे, आणि घोटाळा नेमका तिथे आहे.

मी तिला विचारलं, ‘तुला मराठीत काय म्हणायचं होतं?’

‘काका जोरजोरात श्वास घेत होते. धाप लागली होती.’

‘मग हार्डली कुठून आलं?’

तिने मला पायरीपायरीने सांगितलं. श्वास कसा घेतात, हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. ‘हार्ड’ हे विशेषण. विशेषणाला ‘ली’ लावलं की क्रियाविशेषण होतं : स्लो–स्लोली, क्विक–क्विकली, म्हणून हार्ड–हार्डली. शाळेत तिला हेच शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही जूनमध्ये फळ्यावर हेच लिहिलं होतं. निष्काळजीपणाने लिहिलं असतं तर तिने ‘ब्रीदिंग हार्ड’ असंच लिहिलं असतं आणि ते बरोबर ठरलं असतं! तिने विचार केला, नियम लावला आणि अर्थ उलटा झाला. ‘ब्रीदिंग हार्ड’ म्हणजे धापा टाकतायत. ‘हार्डली ब्रीदिंग’ म्हणजे श्वास जेमतेम चाललाय, जवळजवळ बंद आहे. परगावी बसलेल्या लेकीने दुसरं काय समजायचं?

म्हणून मी हिला चूक म्हणत नाही. नियम अर्धा शिकवला गेला, चूक ती आहे.

आता हे असं का, ते त्या दिवशी मी वर्गात सांगितलं. फक्त ‘हा अपवाद आहे, पाठ करा’ म्हणून भागवलं असतं, तर पुढच्या अपवादाला ती पुन्हा पडली असती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाचं क्रियाविशेषण करायचे दोन रस्ते होते. एक, शेवटी ‘ए’ची छोटी मात्रा जोडायची : ‘हेआर्ड’ म्हणजे कठीण आणि ‘हेआर्डे’ म्हणजे कठीणपणे, जोराने. दुसरा, ‘लीचे’ ही शेपटी जोडायची. तिचीच पुढे ‘ली’ झाली. काळाच्या ओघात शब्दांच्या शेवटचे हे स्वर बोलण्यातून गळून गेले. ‘हेआर्डे’चा शेवट गेला आणि विशेषण नि क्रियाविशेषण एकाच रूपात उरलं : हार्ड. ‘फास्ट’चंही तेच झालं. म्हणून ‘ही रन्स फास्ट’, ‘शी वर्क्स हार्ड’. यांना ‘ली’ नको, ते आधीच क्रियाविशेषण आहेत.

मग ‘हार्डली’चं काय? तोही शब्द आधी ‘जोराने, कष्टाने’ याच अर्थाचा होता. कष्टाने झालं म्हणजे कसंबसं झालं, कसंबसं झालं म्हणजे जेमतेम झालं, असा तो सरकत गेला. हे ऐकताना पोळीभाजीवाली म्हणाली, ‘म्हणजे आपलं मुश्किलीने.’ अगदी तेच. ‘मुश्किलीने जिना चढले’ यात कष्ट आहेत. ‘मुश्किलीने दोन घास खाल्ले’ यात कष्टही आहेत आणि ‘फार थोडे’ हेही आहे. मराठी शब्द दोन्ही अर्थ सांभाळून राहिला. इंग्रजी ‘हार्डली’ने पहिला अर्थ सोडून दिला, फक्त ‘जेमतेम’ उरला. शिवाय त्याच्या पोटात नकार दडलेला असतो, म्हणून ‘ही हार्डली डिडन्ट ईट’ असं दुहेरी होत नाही. ‘ही हार्डली एट’ म्हणजेच जवळजवळ काही खाल्लं नाही.

अशा जोड्या थोड्याच आहेत, पण रुग्णाच्या घरात त्या रोज लागतात. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘ही टुक द टॅब्लेट लेट’ म्हणजे गोळी उशिरा घेतली. ‘लेटली’ घातलं तर वाचणारा विचारेल, अलीकडे म्हणजे कधीपासून? ‘निअर’ म्हणजे जवळ आणि ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ. इथे मराठी आपोआप मदत करते, कारण आपणही तोच शब्द दोनदा म्हणून अर्थ बदलतो. ‘ही फेल निअर द बाथरूम’ म्हणजे बाथरूमजवळ पडले, डोक्याला लागलं का ते बघा. ‘ही निअरली फेल’ म्हणजे पडता पडता वाचले. पडणं आणि न पडणं यातलं अंतर दोन अक्षरांचं आहे. आणि उलट्या बाजूने, ‘ली’ आहे म्हणून क्रियाविशेषण असंही नाही : ‘फ्रेंडली’, ‘लोनली’ ही साधी विशेषणं.

पण मला त्या मेसेजमध्ये जास्त खुपलं ते दुसरंच. जे लिहिलं त्यापेक्षा जे लिहायचं राहिलं ते मोठं होतं.

डॉक्टर त्या दुपारी आले, काकांना तपासलं आणि हिला विचारलं, ‘धाप अचानक लागली का हळूहळू वाढत आली?’ तिने मराठीत सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी काका एका दमात तिसऱ्या मजल्यावर यायचे, मग दुसऱ्यावर थांबायला लागले, आता पहिल्यावरच थांबतात. डॉक्टरांनी लगेच ईसीजी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितलं, औषधं बदलली. धाप अचानक आली तर डॉक्टर एका दिशेने विचार करतात, चढत चढत वाढली तर दुसऱ्या. म्हणजे तीन आठवडे ती जे पाहत होती त्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द क्रियाविशेषणच होता, आणि तो सिंगापूरला कधी गेलाच नव्हता.

‘का नाही लिहिलंस?’

‘लिहायला बसले होते बाई. पण हळूहळू म्हणजे स्लोली. अंकल स्लोली ब्रीदिंग लिहिलं तर श्वास मंद झाला असं होईल ना? म्हणून सोडून दिलं.’

किती बरोबर ओळखलं होतं तिने! ‘हळू’ आणि ‘हळूहळू’ यांत मराठी फरक करते. काका हळू चालतात, ही चाल. त्यांचा त्रास हळूहळू वाढतोय, हा काळाबरोबर होणारा बदल. पहिल्याला ‘स्लोली’, दुसऱ्याला ‘ग्रॅज्युअली’. तिला दुसरा शब्द माहीत नव्हता, पण एका शब्दात दोन अर्थ कोंबू नयेत हे तिच्या मराठी कानाला कळलं होतं. मराठीत क्रियेची रीत सांगणारे किती शब्द आहेत ते बघा : पटकन उठले, धपकन बसले, ढसाढसा रडले, घटाघटा पाणी प्यायले, टकमक बघत राहिले. एवढी श्रीमंती घरात असलेल्या बाईला ‘क्रियाविशेषण म्हणजे काय’ हे व्याख्येपासून शिकवायचं कारण नाही. तिला इंग्रजी शब्द द्यायचे आणि ते कुठे बसतात ते दाखवायचं.

त्याच दिवशी तिच्या पिशवीत काकांच्या औषधांची चिठ्ठी होती. मी ती फळ्याशेजारी धरली. डॉक्टर ‘बीडी’ लिहितात. ‘बिस इन डाय’, लॅटिन. त्यातलं ‘बिस’ म्हणजे दोनदा. ‘टीडीएस’मधलं ‘टेर’ म्हणजे तीनदा. वॉर्डात ओरडतात ते ‘स्टॅट’ म्हणजे ‘स्टॅटिम’, ताबडतोब. दोनदा, तीनदा, ताबडतोब ही सगळी क्रियाविशेषणं. ‘म्हणजे मी हे रोज वाचतेय,’ ती म्हणाली. रोज वाचतेयस आणि कधी चुकली नाहीस, मी म्हटलं. ‘ट्वाइस’ आणि ‘इमीजिएटली’ त्या संध्याकाळी कुणाला पाठ करावे लागले नाहीत.

इथे एक मुद्दा आमच्या शाळेतल्या नावापासूनच अडतो. ‘क्रियाविशेषण’ म्हटलं की फक्त क्रियेबद्दल सांगणारा शब्द असं वाटतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून, आणि त्या चौकटीतले शब्दांचे प्रकार आपण आजही शिकतो. चौकटीबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘व्हेरी वीक’मधलं ‘व्हेरी’ विशेषणाला तोलतं आणि ‘क्वाइट स्लोली’मधलं ‘क्वाइट’ दुसऱ्या क्रियाविशेषणाला. रुग्णाबद्दल लिहिताना हे ‘किती’वाले शब्दच जास्त लागतात : ‘स्लाइटली स्वोलन’ म्हणजे किंचित सुजलेलं, ‘बॅडली स्वोलन’ म्हणजे खूपच.

पुढच्या आठवड्यात उलटी गंमत झाली. ‘ली’ची भीती गेली आणि ‘ली’ जिथे तिथे आली : ‘अंकल लुक्स वीकली’, ‘ही इज फीलिंग कोल्डली’. ‘वीकली’ ऐकून लेकीला साप्ताहिक आठवलं असतं. यावर एकच उपाय मला आजवर खात्रीचा वाटला, तो म्हणजे वाक्य मराठीत म्हणून बघणं. ‘काका अशक्तपणे दिसतात’ असं म्हणशील का? नाही म्हणणार. ‘अशक्त दिसतात’ म्हणशील. तिथे ‘पणे’ नको तर इंग्रजीतही ‘ली’ नको. ‘दिसतात, वाटतात, लागतं’ अशी क्रियापदं काही करत नाहीत, माणूस कसा आहे ते फक्त जोडून देतात. ‘काका शांतपणे बोलले’ म्हणशील? हो. मग ‘ही स्पोक कामली’.

मात्र ही कसोटी सगळीकडे चालत नाही, तेही मी तिला सांगितलं. आपण ‘ती छान मुलगी’ म्हणतो आणि ‘ती छान गाते’ही म्हणतो, रूप तेच. वर ‘तो चांगला झोपला, ती चांगली झोपली’ असं आपण कर्त्याप्रमाणे बदलतोसुद्धा. झोपेबद्दलचा शब्द माणसाच्या लिंगाप्रमाणे फिरतो म्हटल्यावर तो विशेषण की क्रियाविशेषण हे मराठी माणसाच्या कानाला कसं टोचणार? म्हणून ‘ही स्लेप्ट गुड’ इतक्या सहज येतं. ‘गुड’ आणि ‘वेल’ यांना कसोटी लावत बसू नका, ‘स्लेप्ट वेल, एट वेल’ असं तोंडात बसवा. पाच-सहा वाक्यं रोज ट्रेनमध्ये म्हणा, आठवड्यात बसतात. ही ठाण्यापलीकडच्या दिवा स्टेशनहून येते, वेळ तिच्याकडे भरपूर असतो.

जागेचा प्रश्न मी थोडक्यात घेतला, कारण आरशाचं चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की तो निम्मा सुटतो. ‘काका काल रात्री दोन वाजता बाथरूममध्ये अचानक घसरले.’ आपण आधी कधी, मग कुठे, मग कसं आणि शेवटी काय झालं ते सांगतो. इंग्रजी उलटी चालते : ‘अंकल स्लिप्ड सडनली इन द बाथरूम ॲट टू ओ’क्लॉक लास्ट नाइट.’ काय झालं, कसं, कुठे, कधी. वेळेच्या आतसुद्धा उलटं : आपली आधी रात्र, मग दोन; त्यांचे आधी दोन, मग रात्र. वेळ पुढे आणून ‘लास्ट नाइट’ने वाक्य सुरू केलं तरी चालतं, हेही सांगितलं, नाहीतर तिने तोही कडक नियम करून ठेवला असता. ‘ऑल्वेज, नेव्हर, ऑफन’ मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘इज’च्या नंतर : ‘ही ऑफन फरगेट्स’, ‘ही इज ऑफन टायर्ड’.

‘ओन्ली’वर मात्र आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. मुंबईत आपण ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’ म्हणतो. तो आपला ‘च’ आहे, आजच, इथेच. बसमध्ये, बाजारात सगळ्यांना कळतो आणि त्यासाठी कुणी कुणाला हसू नये असं मला मनापासून वाटतं. पण औषधाच्या वाक्यात तो नेमका बसवावा लागतो. ‘अर्धीच गोळी रात्री द्या’ आणि ‘अर्धी गोळी रात्रीच द्या’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीत एक गोळी दिली तर चूक, दुसरीत सकाळी दिली तर चूक. मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच आवळतो, शंकेला जागाच नाही. लिखित इंग्रजीत ‘ओन्ली’ त्या शब्दाच्या अगदी आधी ठेवावा : ‘ओन्ली हाफ अ टॅब्लेट ॲट नाइट’, ‘हाफ अ टॅब्लेट ओन्ली ॲट नाइट’. हे फळ्यावर लिहून मी बसले आणि चौघींनी आपापल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या काढून तपासायला सुरुवात केली.

आता तो पहिला मेसेज. वर्गात आम्ही तो पुन्हा लिहिला, तिच्याच वहीतले आकडे घेऊन. तिचं अंतिम वाक्य असं : ‘अंकल वॉज ब्रीदिंग हार्ड आफ्टर थ्री फ्लोअर्स. ट्वेंटी-सिक्स पर मिनिट, ऑक्सिजन नाइन्टी-सिक्स. आफ्टर टेन मिनिट्स नाइन्टीन. नाउ सिटिंग कम्फर्टेबली. धिस हॅज ग्रॅज्युअली इन्क्रीज्ड फॉर थ्री वीक्स.’ शेवटच्या वाक्यात व्याकरण अजून घासता येईल, पण मी हात लावला नाही. आकडे आधी आणायचं तिने ठरवलं आणि ते मला पटलं. ‘हार्ड’, ‘बॅडली’ हे शब्द माणसागणिक मोठे-लहान होतात, सव्वीस सव्वीसच राहतात. क्रियाविशेषण आकड्याशेजारी उभं असलं की वाचणाऱ्याच्या हातात दोन्ही येतात.

हा मेसेज तिने त्या मुलीला उशिराने का होईना पाठवला, सोबत मराठीत एक ओळ : ‘दीदी, मला त्या दिवशी हे सांगायचं होतं.’ मुलगी माटुंग्यात वाढलेली, मराठी वाचता येतं तिला. तिने रात्री फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. काम चालू आहे एवढं कळलं, आणि मेसेजही.

‘हार्डली’ मात्र ती वापरत नाही. ‘व्हेरी लिटल’ लिहिते. अर्थ स्वच्छ पोचतो, मग मीही आग्रह धरत नाही. कधी वाचनात आला तर ओळखते, तेवढं पुरे.

सध्या आम्ही ‘अजून’वर अडलोय. ‘अजून ताप आहे’ याला ‘स्टिल’, ‘अजून जेवले नाहीत’ याला ‘यट’, ‘अजून अर्धी पोळी खाल्ली’ याला ‘मोअर’. मराठीत एक, तिकडे तीन. मंगळवारी तिने स्वतःच एक वाक्य वहीत लिहून आणलं होतं : ‘अंकल इज स्टिल स्लीपिंग. ही हॅज नॉट टेकन टी यट.’ आणि खाली पेन्सिलने प्रश्न : ‘बाई, दोन्ही अजूनच आहेत ना?’